चूक पायलटची की यंत्र बनवणाऱ्याची?

१ जानेवारी १९७८ ची रात्र. एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे जंबो जेट मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटं व्हायच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. आत २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही.

झालं असं, की उड्डाणानंतर विमान उजवीकडे वळलं आणि परत सरळ झालं. पण विमान किती कललंय ते दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र, म्हणजे ए.डी.आय., उजवा कलच दाखवत राहिलं. बाहेर काळोख, खाली अरबी समुद्र. क्षितिज दिसणार कुठून? कॅप्टनने विमान डावीकडे झुकवलं, झुकवतच नेलं. तिसरं, राखीव यंत्र होतं. फ्लाइट इंजिनियरने तिकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला, पण तोवर उशीर झाला होता.

आपल्याकडच्या चौकशीचा निष्कर्ष: यंत्र बिघडलं, पण अपघात झाला तो कॅप्टनने चुकीचं नियंत्रण केल्यामुळे. मृतांच्या नातेवाइकांतर्फे अमेरिकेत बोइंग, ए.डी.आय. बनवणारी लिअर सिग्लर आणि कॉलिन्स रेडिओ यांच्यावर दावा लागला. १९८५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात. स्क्रीनवर चुकीचा आकडा दाखवायचा आणि तो खरा मानणाऱ्याला दोष द्यायचा! बाकीची यंत्रं बघायला हवी होती हे कबूल. पण चूक तिथे सुरू झाली नव्हती.

कंपनी दोषी कधी ठरते? माझ्या मते खरा प्रश्न एकच: आधी माहीत होतं का? डी.सी.-१० विमानाचं मालाचं दार जून १९७२ मध्ये हवेत उघडलं, तेव्हा सगळे वाचले. त्यानंतर दाराचं काम करणाऱ्या कंत्राटदार कंपनीतल्या एका इंजिनियरने धोक्याची लेखी सूचना दिली. ती तशीच पडून राहिली. मार्च १९७४ मध्ये पॅरिसजवळ त्याच दारामुळे ३४६ माणसं गेली. पुढे बोइंग ७३७ मॅक्सची दोन विमानं पडली, २०१८ आणि २०१९ मध्ये. योगायोग बघा, दोन्ही मिळून मृत पुन्हा ३४६. त्यातलं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबायचं, आणि ते आहे हे पायलटांना सांगितलंच नव्हतं. बोइंगने अडीच अब्ज डॉलर मोजायचं मान्य केलं. फौजदारी खटला मात्र एकट्या टेक्निकल पायलटवर चालला, आणि तोही २०२२ मध्ये निर्दोष सुटला.

हे फक्त विमानांचंच आहे असं नाही. आमच्या सिरोंच्याजवळ गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. धरण सुरक्षा प्राधिकरणाला नियोजन, डिझाईन, दर्जा, देखभाल, सगळीकडेच दोष सापडले. तिथे सोयीचा पायलट नव्हता, त्यामुळे सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसले. 'एम्परर अशोक'च्या वेळी बोट दाखवायला कॅप्टन होता, आणि उत्तर द्यायला तो उरला नव्हता.