विद्या आधी, पदवी मागून

बारावीचा निकाल लागला की संगणकशास्त्राच्या पदवीचा प्रश्न आज घरोघरी निघतो. चार वर्षे आणि वडिलांची पुंजी तिच्यापायी खर्च करावी, की एखादा सहा महिन्यांचा वर्ग करून नोकरीस लागावे? त्यातून हल्ली यंत्रेच प्रोग्रॅम लिहू लागली आहेत. प्रश्न नवा वाटतो खरा. वस्तुतः ही पदवी जन्मास येण्यापूर्वीच तो एका तरुणापुढे उभा राहिला होता.

एड्सखर डाइक्स्ट्रा हा हॉलंडमधील रॉटरडॅमचा. जन्म 1930 चा. लायडनच्या विद्यापीठात तो सैद्धांतिक भौतिकी शिकत होता. 1951 साली केंब्रिजला जाऊन एड्सॅक या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहिण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग त्याने केला, आणि 1952 पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात तो हेच काम करू लागला. पुढे दोन्ही दरडींवर पाय ठेवणे अशक्य झाले. भौतिकीला परंपरा होती, प्रतिष्ठा होती. प्रोग्रॅमिंगला शास्त्र म्हणावे असा ज्ञानाचा पाया तरी कोठे होता? 1955 मध्ये हीच शंका त्याने आपले वरिष्ठ व्हान वेइंगार्डन यांच्यापुढे मांडली. त्यांनी ती मान्य केली. पण यंत्रे आता कायमची आली आहेत, तेव्हा पाया घालणाऱ्यांत तूच का नसावास, असेही सुचविले. डाइक्स्ट्राने निर्णय घेतला. 1957 साली विवाहनोंदणीच्या वेळी त्याने 'प्रोग्रॅमर' हा व्यवसाय सांगितला, तर असा व्यवसायच नाही म्हणून तो नाकारण्यात आला, आणि कागदावर भौतिकशास्त्रज्ञ असेच लागले!

1956 मध्ये केंद्राचे नवे यंत्र लोकांना दाखवावयाचे होते. त्यानिमित्त दोन गावांमधील सर्वांत जवळचा रस्ता काढण्याची रीत त्याने कागद-पेन्सिलीवाचून, एका कॅफेत बसून, वीसेक मिनिटांत योजिली. 1959 साली ती छापली गेली. ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झाले. एड्सॅकही 1958 मध्ये थांबला. रीत मात्र आजही शिकविली जाते, आणि इंटरनेटवर निरोपांची वाट काढण्याच्या कामी येते.

पदव्या यथावकाश आल्या. केंब्रिजचा डिप्लोमा 1953 चा; अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग 1962 चा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा संगणक 1960 मध्ये चालू झाला, आणि कानपूरच्या आय.आय.टी.त राजारामन यांनी 1965 साली या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले.

तर मग पदवीवाचून अडते कोठे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. डाइक्स्ट्राजवळ संगणकाची पदवी नव्हती, तरी गणित-भौतिकीची कसून झालेली तालीम होती. प्रत्येकाने स्वतःचा पाया स्वतःच खणावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. घातलेला पाया पुढील पिढीच्या हाती देणे, हेच पदवीचे काम.

म्हणून पालकांनी फी भरण्यापूर्वी महाविद्यालयास एकच प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवितो: येथे यंदाचे यंत्र शिकविता, की यंत्र बदलल्यावरही टिकणारी विचाराची रीत शिकविता? पहिलेच मिळणार असेल, तर चार वर्षे आणि कर्जाचा बोजा महाग आहे. त्यास सहा महिन्यांचा वर्ग पुरे. दुसरे मिळत असेल, तर मुलास खुशाल पाठवावे.