नवउद्योगांचे भांडवल : क्राऊडफंडिंग की खुली भागविक्री?

कोणताही नवा उद्योग प्रथम उभा राहतो तो संस्थापकाच्या शिलकीवर आणि आप्तेष्टांच्या विश्वासावर. ही पुंजी संपली की भांडवलाचा प्रश्न उभा राहतो. बँक तारण मागते आणि साहसवित्त संस्था मोजक्याच उद्योगांची निवड करतात. अशा वेळी थेट सर्वसामान्य जनतेकडे जाऊन, कंपनीतील हिस्सा देऊन पैसा उभारण्याचे दोन मार्ग जगात प्रचलित आहेत. पहिला जुना आणि सर्वपरिचित, म्हणजे शेअर बाजारात नोंदणी करून केलेली खुली भागविक्री, अर्थात आयपीओ. दुसरा गेल्या दीड दशकात रुजलेला, म्हणजे इंटरनेटवरील मंचाद्वारे शेकडो लोकांकडून छोट्या रकमा घेऊन त्यांना समभाग देण्याचा, अर्थात इक्विटी क्राऊडफंडिंगचा. दोहोंत पैसा जनतेचाच असतो. मात्र त्या पैशाला मिळणारे संरक्षण आणि तो परत मिळण्याची वाट यांत मोठे अंतर आहे.

क्राऊडफंडिंगची पद्धत

क्राऊडफंडिंगचे अनेक प्रकार आहेत. देणगी, बक्षीस किंवा वस्तूची आगाऊ नोंदणी या प्रकारांत पैसे देणाऱ्याला कंपनीत हिस्सा मिळत नाही. समभागाधारित प्रकारात मात्र तो भागधारक होतो. कंपनी आपली योजना, हिशेब आणि स्वतःचे अपेक्षित मूल्य मंचावर मांडते व किती रक्कम हवी ते जाहीर करते. ठरलेल्या मुदतीत उद्दिष्ट पूर्ण झाले नाही, तर सर्वसाधारणपणे पैसे परत केले जातात.

ब्रिटनमध्ये २०११ साली सुरू झालेला क्राऊडक्यूब हा या क्षेत्रातील आरंभीच्या मंचांपैकी एक. तेथील वित्तीय नियामकाने एप्रिल २०१४ पासून यासाठी स्वतंत्र नियम लागू केले. सामान्य गुंतवणूकदाराने आपल्या गुंतवणूकयोग्य मालमत्तेच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम अशा समभागांत गुंतवू नये, हे त्यांतील प्रमुख सूत्र. अमेरिकेत एप्रिल २०१२ मध्ये ‘जॉब्स’ कायद्यावर अध्यक्ष बराक ओबामा यांची स्वाक्षरी झाली. सामान्य जनतेला मुभा देणारे नियम प्रत्यक्षात आले ते मे २०१६ मध्ये. आरंभी एका कंपनीला १२ महिन्यांत सुमारे १० लाख डॉलर उभारता येत असत. २०२१ मध्ये ही मर्यादा ५० लाख डॉलर झाली. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२१ पासून सर्व सदस्य देशांसाठी ५० लाख युरोपर्यंतची समान चौकट लागू केली.

या मर्यादांमागे एक विचार आहे. कंपनी लहान असल्याने तिच्यावर माहिती देण्याचा बोजा कमी ठेवायचा, पण संभाव्य नुकसानही आटोक्यात राहावे म्हणून उभारायची रक्कम व व्यक्तीची गुंतवणूक या दोहोंना कमाल मर्यादा घालायची.

खुल्या विक्रीची वाट

खुल्या भागविक्रीत हा हिशेब उलटा आहे. तेथे रकमेवर अशी कमाल मर्यादा नाही, पण माहिती देण्याची सक्ती मोठी आहे. भारतात कंपनीला मर्चंट बँकर नेमून माहितीपत्रकाचा मसुदा ‘सेबी’कडे सादर करावा लागतो. त्यात आर्थिक ताळेबंद, प्रवर्तकांची माहिती, प्रलंबित खटले, पैशाचा नियोजित विनियोग आणि जोखमीचे घटक तपशीलवार द्यावे लागतात. नफ्याच्या निकषाने मुख्य बाजारात येणाऱ्या कंपनीचा मागील तीन वर्षांचा सरासरी कार्यचालन नफा किमान १५ कोटी रुपये असावा लागतो. हा निकष पूर्ण न करणाऱ्या कंपनीलाही बाजारात येता येते. मात्र विक्रीतील किमान ७५ टक्के हिस्सा बड्या संस्थात्मक गुंतवणूकदारांना द्यावा लागतो आणि किरकोळ गुंतवणूकदारांचा वाटा १० टक्क्यांपुरता सीमित राहतो. तोट्यातील कंपनीची पारख आधी जाणकारांनी करावी, हा त्यामागील हेतू.

नोंदणीनंतरही जबाबदारी संपत नाही. तिमाही निकाल, महत्त्वाच्या घडामोडींची तत्काळ सूचना, स्वतंत्र संचालक आणि आतल्या माहितीवर आधारित व्यवहारांना बंदी ही बंधने कायमची असतात. हा खर्च लहान नवउद्योगाला झेपत नाही, हीच क्राऊडफंडिंगच्या समर्थकांची मुख्य भूमिका आहे.

भाव कोण ठरवतो?

आयपीओमध्ये किंमतपट्टा कंपनी व मर्चंट बँकर ठरवत असले, तरी संस्थांच्या बोलींतून त्याची परीक्षा होते आणि नोंदणीच्या दिवशी बाजार आपला निकाल देतो. तो निकाल कठोरही असू शकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमच्या मूळ कंपनीने २,१५० रुपये भावाने १८,३०० कोटी रुपयांची विक्री केली. पहिल्याच दिवशी समभाग सुमारे २७ टक्के घसरून बंद झाला. उलट उदाहरण इन्फोसिसचे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीने १९९३ मध्ये ९५ रुपये भावाने समभाग देऊ केले, तेव्हा त्यांना पुरेसा प्रतिसादही मिळाला नव्हता. पुढे ते घेऊन थांबलेल्यांचे भाग्य उजळले.

क्राऊडफंडिंगमध्ये मूल्य बहुधा कंपनी स्वतःच मांडते आणि छोटा गुंतवणूकदार ते स्वीकारतो किंवा सोडून देतो. ब्रिटनमधील फ्रीट्रेड या शेअर दलाली कंपनीने २०२१ मध्ये आपले मूल्य ६५ कोटी पौंड धरून क्राऊडफंडिंग केले. जानेवारी २०२५ मध्ये ती १६ कोटी पौंडांना विकली जात असल्याचे जाहीर झाले. मधल्या काळात तिच्या समभागाचा भाव रोजच्या रोज दाखवणारा बाजार अस्तित्वात नव्हता. पेटीएमच्या गुंतवणूकदाराला नुकसान निदान त्याच दिवशी दिसले आणि तोटा सोसून का होईना, बाहेर पडण्याचा पर्याय त्याच्या हाती होता.

बाहेर पडण्याचा प्रश्न

दोन्ही मार्गांतील खरा भेद इथेच आहे. अमेरिकेत क्राऊडफंडिंगचे समभाग काही अपवाद वगळता वर्षभर विकता येत नाहीत. वर्षानंतरही ग्राहक मिळेलच, याची शाश्वती नाही. कंपनी दुसऱ्या कोणी विकत घेतली किंवा बाजारात नोंदवली गेली, तरच बहुतेकांना पैसा हाती लागतो. रिव्होल्युट या कंपनीने २०१६ मध्ये क्राऊडक्यूबवर सुमारे १० लाख पौंड उभारले. २०२५ मध्ये तिचे मूल्यांकन ७५ अब्ज डॉलरवर गेले. असे यश डोळे दिपवणारे असले, तरी विरळ आहे. एवढी मोठी होऊनही २०२५ च्या अखेरीपर्यंत तिची शेअर बाजारात नोंदणी झालेली नव्हती.

दुसरी अडचण हक्कांची. ब्रूडॉग या स्कॉटिश बिअर कंपनीने ‘इक्विटी फॉर पंक्स’ या नावाने हजारो ग्राहकांना भागधारक केले. २०१७ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेने तिच्यातील सुमारे २२ टक्के हिस्सा घेतला, तो अग्रहक्क समभागांच्या रूपाने आणि त्यावर वार्षिक १८ टक्के चक्रवाढ परताव्याच्या अटीवर. अर्थ असा, की कंपनी विकली गेल्यास प्रथम या संस्थेचे वाढत गेलेले देणे फेडायचे आणि उरले तर सामान्य भागधारकांना द्यायचे. समभाग घेताना टक्केवारी पाहिली जाते. पण नंतर येणारा बडा गुंतवणूकदार रांगेत पुढे उभा राहू शकतो, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते.

भारतातील स्थिती

भारतात सर्वसामान्य जनतेसाठी समभागाधारित क्राऊडफंडिंगला कायद्याची चौकट नाही. जून २०१४ मध्ये ‘सेबी’ने या विषयावर चर्चापत्र प्रसिद्ध केले. चार वर्षांहून कमी वयाच्या कंपन्यांना वर्षात १० कोटी रुपयांपर्यंत उभारणी करू द्यावी, असा त्यातील प्रस्ताव होता. त्याचे नियमांत रूपांतर झाले नाही. उलट, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक मंचांपासून सावध राहण्याचे आवाहन ‘सेबी’ने ऑगस्ट २०१६ मध्ये आणि नोंदणी नसलेल्या कंपन्यांच्या समभागांबाबत पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये केले.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगीरीत्या समभाग देऊ करताना पात्र संस्था व कर्मचारी वगळता एका आर्थिक वर्षात २०० हून अधिक व्यक्तींकडे जाता येत नाही. मर्यादा ओलांडली, की तो प्रस्ताव सार्वजनिक विक्रीच समजला जातो. या कठोरतेला पूर्वानुभवाचा आधार आहे. सहारा समूहातील दोन कंपन्यांनी ‘खासगी’ म्हणवून सुमारे तीन कोटी लोकांकडून गोळा केलेले २४ हजार कोटी रुपयांहून अधिक पैसे १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०१२ मध्ये द्यावा लागला होता.

लहान कंपन्यांसाठी मधला मार्ग म्हणजे मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले लघु-मध्यम उद्योगांचे मंच. विक्रीनंतरचे भरणा झालेले भांडवल २५ कोटी रुपयांपर्यंत असणाऱ्या कंपन्या येथे येऊ शकतात. तेथील सट्टेबाजी वाढल्याने २०२५ मध्ये नियम आवळण्यात आले. मागील तीनपैकी दोन वर्षांत किमान एक कोटी रुपयांचा कार्यचालन नफा सक्तीचा झाला आणि अर्जाची किमान रक्कम दोन लाख रुपयांच्या वर नेण्यात आली.

निवड कशी करावी?

उद्योजकाच्या दृष्टीने पाहता, रक्कम लहान, उत्पादन ग्राहकांच्या परिचयाचे आणि कायदा अनुकूल असेल तेथे क्राऊडफंडिंग सोयीचे. ग्राहकच भागधारक झाल्याने प्रसिद्धीही आपोआप होते. मात्र शेकडो छोट्या भागधारकांना सांभाळण्याची तयारी हवी. मोठे भांडवल, स्थिर उत्पन्न आणि शिस्तबद्ध हिशेब असल्यास खुल्या विक्रीचा विचार करावा.

गुंतवणूकदाराने चार गोष्टी विचाराव्यात : मंचाला नियामकाची मान्यता आहे काय? मूल्य कोणी व कशाच्या आधारे ठरवले? आपल्याआधी कोणाचे देणे फेडले जाणार? आणि समभाग विकायचे झाल्यास ते घेणार कोण? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर त्या रकमेकडे बचत म्हणून पाहू नये; ती पूर्ण बुडाली तरी संसाराला झळ लागणार नाही, एवढीच ठेवावी.