प्रकाशा : देवळें आणि पांढर



नंदुरबार जिल्ह्यांत, शहादें तालुक्यांत, तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हें लहानसें गांव आहे. खानदेशांत त्यास दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, गौतमेश्वर हीं तेथील शिवालयें. गौतमेश्वराची यात्रा दर बारा वर्षांनीं सिंहस्थांत भरते. यात्रेकरू स्नान करितो, दर्शन घेतो, आणि गांव पाहिल्याच्या समाधानानें परततो.

परंतु या गांवाचा सर्वांत जुना ठेवा दगडाचा नसून मातीचा आहे. तेथील पांढरीच्या उंच टेकाडांत १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें. वरच्या थरांत लोखंड सांपडलें. तळाशीं तांबें, दगडी पातीं व रंगविलेलीं मडकीं. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं येथें माणसें नांदत होतीं.

शिक्षक असतांना मीं मुलांना देवळें दाखविलीं, पांढर दाखविली नाहीं; ती माझी चूक होय. देवळाचा चिरा ढळला तर गांव हळहळतें. पण गांवोगांवच्या पांढरीची माती गाड्या भरून शेतांत जाते, आणि ज्यांनीं एक अक्षरहि लिहून ठेविलें नाहीं, त्यांची एकुलती साक्ष तिच्याबरोबर नाहींशी होते.

आपण प्रकाशास जाल तेव्हां दर्शनानंतर मुलांना ती पांढर अवश्य दाखवा. मात्र उकरूं देऊं नका.