लाल तारखा कोणाच्या?

नवीन कालनिर्णय भिंतीवर टांगले की आधी लाल तारखा मोजायच्या, ही माझी जुनी सवय. शाळेत तेहेतीस वर्षे शिकवले, सवय जाणार कुठे? दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, सगळ्या सुट्ट्यांचा पगार घरी येत होता. ही सुट्टी आली कुठून, असा विचार मात्र कधी मनात आला नाही. तो माझ्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईने आणून दिला.

गेल्या पोळ्याला ती आली नाही. दुसऱ्या दिवशी मारबत, त्याही दिवशी नाही. महिन्याच्या शेवटी मी दोन दिवसांचे पैसे कापून बाकीचे तिच्या हातात ठेवले. तिने मोजले आणि शांतपणे विचारले, "काकू, शाळेत असताना पोळ्याचे तुमचे पैसे कापत होते का जी?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, रविवारची सुट्टी आपल्याला सूर्यचंद्राइतकी जुनी वाटते. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती भांडून मिळवावी लागली. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची सभा भरवली. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अशा साध्या मागण्या होत्या. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. पुढे 24 एप्रिल 1890 ला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

पण सुट्टी मिळणे वेगळे आणि सुट्टीचा पगार मिळणे वेगळे. रोजंदारीवाल्याला सुट्टी म्हणजे चूल थंड. भरपगारी रजेचा हक्क आपल्या कारखाना कायद्यात यायला 1945 साल उजाडले. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. दीक्षाभूमीच्या या गावात बाबासाहेबांचे नाव रोज घेतले जाते, पण ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? 1948 च्या कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. आपल्या नागपुरात 1877 पासून चाललेल्या एम्प्रेस मिलच्या कामगारांनाही हा कायदा लागू होता. आज त्या मिलच्या जागेवर मॉल आहे.

राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सण-सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आणि आणखी चार आपसात ठरवून घ्यायच्या. पण आपले घर हे दुकान नव्हे. घरकामगारांसाठी 2008 मध्ये महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत. पोळ्याचे पैसे कापू नका, असे मात्र त्यात मला कोणी सांगत नाही. आपल्याकडे विदर्भ मोलकरीण संघटना अशा प्रश्नांसाठी वर्षानुवर्षे झगडत आली आहे.

माझा भाचा डब्लिनला असतो. आयर्लंडमध्ये 2023 पासून फेब्रुवारीत संत ब्रिजिडच्या नावाने एक सुट्टी वाढली आणि वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्या दहा झाल्या. भाचा सांगत होता, थोडेच तास काम करणाऱ्यालाही तिथे हा हक्क आहे. आधीच्या पाच आठवड्यांत चाळीस तास काम भरले की झाले. मी मनात हिशेब केला. माझ्या बाईचे रोजचे दीड-दोन तास, शिवाय इतर तीन घरे. सगळी मिळून चाळीस तास तर एका आठवड्यातच होतात! पण चार घरांची मिळून एक मालकीण होत नाही, म्हणून तिची लाल तारीख कोणाच्याच कालनिर्णयात नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला कापलेले पैसे परत दिले. महिन्याला दोन आणि सणाच्या चार सुट्ट्या भरपगारी, असे ठरवले. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. उशिरा फेडलेले देणे आहे. शेजारणी म्हणाल्या, "तुम्ही बायांना बिघडवता." असेल. लोखंड्यांच्या काळात गिरणीमालक तरी यापेक्षा वेगळे काय म्हणत असतील?

आता कालनिर्णयावर तिच्या सुट्ट्या तिनेच लाल पेनाने लिहिल्या आहेत. पहिली खूण तिने पोळ्यावर केली.