व्यसन रक्तात असते का? इतिहास काय सांगतो?

‘व्यसन यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्या वस्त्यांबद्दल सर्रास ऐकू येते. आता त्यावर विज्ञानाचा मुलामा चढतो आहे. रक्ताऐवजी ‘जनुके’ म्हटले की झाले! म्हणून हेरॉइन, मॉर्फिन अशा अफूवर्गीय व्यसनांचा इतिहास आपण नीट समजून घेतला पाहिजे.

१९७१ साली व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन पसरल्याचे उघड झाले. निक्सन सरकार हादरले. परतणाऱ्या सैनिकांची लघवी तपासणे सुरू झाले. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी या सैनिकांचा घरी परतल्यानंतर पाठपुरावा केला. साध्या सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक तिथे व्यसनी झाला होता. पण परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनात अडकले. बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते.

सायगावहून घरी येताना त्यांची जनुके बदलली होती का? नाही. बदलली होती परिस्थिती. स्वस्त, शुद्ध हेरॉइन, युद्धाची भीती आणि घरापासूनचे तुटलेपण मागे राहिले होते.

मग आनुवंशिकता खोटी आहे का? तसे आम्ही म्हणत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते की या व्यसनाच्या धोक्यात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो. पण हा आकडा समूहातल्या फरकाचा आहे, कोणा एकाच्या नशिबाचा नाही. व्यसनाचे एकच असे जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा प्रभाव असतो आणि पदार्थ हाती लागल्याशिवाय तो प्रकट होत नाही.

तो पदार्थ हाती कोणी दिला? १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि त्याच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांना सांगितले. माणसे मरू लागल्यावर कंपनीने बोट दाखवले ते व्यसनींकडे. २००७ मध्ये कंपनीने न्यायालयात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने १९९९ मध्ये सुमारे आठ हजार माणसे मेली, २०२१ मध्ये सुमारे ऐंशी हजार. बावीस वर्षांत देशाची जनुके दहापट बिघडत नाहीत. बाजार मात्र बिघडतो.

तरीही २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पंधरा जनुकीय खुणांवरून व्यसनाचा धोका सांगणाऱ्या चाचणीला मंजुरी दिली. आदल्या वर्षी त्यांच्याच सल्लागार समितीने ११ विरुद्ध २ मतांनी प्रतिकूल कौल दिला होता. अशा चाचणीने कोणाला खोटा दिलासा मिळेल, तर कोणावर कायमचा शिक्का बसेल.

शिक्का म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. जातीला वंशशुद्धीचा शास्त्रीय आधार देणाऱ्यांचा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिनिर्मूलन’मध्ये खोडून काढला होता.

मित्रांनो, घरात व्यसनाचा इतिहास असेल तर सावध जरूर राहा, डॉक्टरांना ते सांगा. पण कोणी ‘रक्त’ म्हटले की उलट विचारा: माल कोण विकतो? नफा कोणाचा? आणि वस्तीजवळ उपचार केंद्र का नाही?

जय भीम!