राक्षस उशिरा येतो

तारीख 24 सप्टेंबर 1954. टोकियोच्या सेतागाया भागात तोहो स्टुडिओच्या फाटकापाशी तुम्ही उभे आहात आणि हातात सकाळचं वर्तमानपत्र आहे. जपानी येत नसलं तरी आज ते तुम्हाला वाचता येतंय. कालप्रवासात एवढी सवलत घ्यायला हरकत नाही. आइकिची कुबोयामा काल गेला, अशी बातमी आहे. वय 40. 'दाइगो फुकुर्यू मारू' या टुना पकडणाऱ्या बोटीवर तो बिनतारी यंत्र सांभाळायचा. 1 मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तेव्हा ही बोट अमेरिकेनेच जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. तरी तिच्यावरच्या 23 जणांवर पांढरी राख पडत राहिली. तेव्हापासून जपानमध्ये बाजारात मासळी घेतानाही लोक बिचकतात.

पेपर घडी करून खिशात ठेवा आणि आत चला; तिथे 'गॉडझिला' या राक्षसपटाचं चित्रीकरण चालू आहे. पाऊल मात्र जपून टाका, कारण तुमच्या पायाशी गिंझा आहे. पंचविसाव्या हिश्श्याएवढं बांधलेलं शहर: विजेच्या तारा, ट्रामचे रूळ, हात्तोरी घड्याळाचा मनोरा. डोक्यावर दिव्यांची धग इतकी, की दोन मिनिटांत सदरा पाठीला चिकटतो. या करामतींचे प्रमुख एइजी त्सुबुराया टोपी सारखी करत कॅमेऱ्यापाशी उभे आहेत. 'किंगकाँग'सारखं बाहुलं इंच-इंच हलवून एकेक चौकट टिपायची, ही त्यांची मूळची हौस. पण तसं करायचं तर सात वर्षं लागतील, असा त्यांचाच हिशेब होता. तेवढा वेळ कोण देणार? म्हणून मग रबरी कातडं आणि आत जिवंत माणूस.

तो माणूस म्हणजे हारुओ नाकाजिमा, वय 25. सुरुवातीला बनवलेलं कातडं शंभर किलोंच्या आसपास भरलं आणि त्यात चार पावलं टाकणंही कठीण झालं. नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते बघून आला आहे. आता तो गळ्याशी ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर पाहतो, पाऊल उचलतो आणि एक इमारत कोसळते. कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरतोय, त्यामुळे पडद्यावर तेच पाऊल संथ पडेल आणि त्याला पन्नास मीटर उंचीचं वजन येईल. 'कट' होताच चौघे धावतात, पाठीवरची फट उघडतात आणि नाकाजिमाला बाहेर ओढतात. तो घामाने निथळतोय.

इथे एक गोष्ट बघून ठेवा. या जागेवर दिग्दर्शक इशिरो होंडा नाहीत. कामाची वाटणीच तशी आहे: राक्षस आणि मोडतोड त्सुबुरायांकडे, माणसं होंडांकडे. भव्य दृश्यं विरुद्ध माणसांची गोष्ट हा वाद आपण चित्रपट पाहून आल्यावर चहा पिताना घालतो. तोहोमध्ये ते सरळ दोन विभाग आहेत. होंडांच्या विभागात नट रिकाम्या आभाळाकडे बघून घाबरतात, कारण समोर काहीच नाही. जे बघायचं ते त्सुबुराया नंतर देणार. घाबरायचं कसं, हे होंडांना ठाऊक आहे. कित्येक वर्षं सैन्यात काढून 1946 मध्ये चीनहून परतताना ते हिरोशिमातून आले होते.

आता सहा आठवडे पुढे. 3 नोव्हेंबर, प्रदर्शनाचा दिवस. तिकीट काढून अंधारात बसा. नावं दिसायच्या आत पावलांचे धप्प आवाज येतात आणि मागोमाग ती डरकाळी. संगीतकार अकिरा इफुकुबे यांची ही करामत. राळ लावलेला चामडी हातमोजा काँट्राबासच्या सैल तारेवर घासला, तो आवाज ध्वनिफितीवर घेतला आणि फीत संथ चालवली. सगळं थिएटर सरसावून बसतं. आणि मग? मग बराच वेळ राक्षस नाहीच. जहाजं बुडतात, नातेवाईक कचेरीच्या दारात गर्दी करतात, ओदो बेटावर म्हातारे कुजबुजतात. पहिली वीसेक मिनिटं तुम्हाला फक्त त्याची भीती वाटणारी माणसं दिसतात. अखेर टेकडीमागून डोकं वर येतं तेव्हा, खरं सांगायचं तर, ते थोडं हास्यास्पदच आहे. पण हसायची वेळ निघून गेलेली असते.

मधे लोकलच्या डब्यातला एक प्रसंग येतो. एक तरुणी पेपर वाचत कुरकुरते: आधी किरणोत्सर्गी मासे, आता हे, नागासाकीतून जीव वाचवून आले ते याच्यासाठी का? अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. ती पुन्हा गोष्टीत फारशी येत नाही. आता पडद्यावरून नजर काढा आणि शेजारच्या खुर्च्यांकडे बघा. टोकियो जळालं ती रात्र 10 मार्च 1945 ची. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली, त्याला अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कितीजण त्या रात्री कालव्याकडे धावले असतील?

म्हणून गॉडझिला गिंझात शिरतो, घड्याळाचे ठोके ऐकून मनोऱ्याकडे वळतो आणि तो मोडतो, तेव्हा इथे टाळ्या पडणं शक्य नाही. पेटलेल्या रस्त्याच्या कडेला एक आई लेकरांना कवटाळून बसली आहे. आपण आता बाबांकडे जाणार, असं ती त्यांना समजावते. बाबा कुठे आहेत हे चित्रपट सांगत नाही. या थिएटरात ते सांगावंही लागत नाही. सकाळ होते. इस्पितळात खाली चटयांवर जखमी पडलेले आहेत आणि कुणीतरी एका लहान पोरीपाशी गायगर यंत्र धरतं. यंत्र तडतडतं. त्सुबुरायांची आग आणि होंडांचं इस्पितळ यांच्यामध्ये इथे सांधाच दिसत नाही. माझ्या मते चित्रपटाचं मोठेपण याच जागी आहे, प्रेमाच्या त्रिकोणात नाही. तो त्रिकोण बेताचाच आहे. राक्षसपटांतली माणसं कंटाळवाणी होतात याचं कारण लोक सांगतात तसं 'राक्षसाचा वेळ खातात' हे नाही. राक्षस येण्याआधी त्यांचं काहीच गेलेलं नसतं, म्हणून ती कंटाळवाणी होतात.

पटत नसेल तर 1956 मध्ये चला, अमेरिकेत. तोच राक्षस, तीच आग, रिळंही तीच. फक्त मधे एक नवा माणूस घातला आहे: अमेरिकी वार्ताहर झालेला रेमंड बर. वेगळ्या चित्रित केलेल्या दृश्यांत तो खिडकीतून टोकियो जळताना बघतो, पाइप ओढतो आणि आपल्याला वर्णन ऐकवतो. नागासाकीचा उल्लेख करणारी तरुणी गेली. शेवटी ताकाशी शिमुरा यांचा म्हातारा शास्त्रज्ञ बजावतो की अणुचाचण्या चालू राहिल्या तर असाच दुसरा उगवेल, तेही गेलं. त्याऐवजी आता जग पुन्हा जगू शकेल, असा दिलासा आहे. शेजारी बसलेला पोरगा मात्र खूश आहे. त्याची चूक नाही. नाकाजिमाचं ते पाऊल इथेही तितकंच जड पडतं. ते पडतं कुणाच्या अंगणात, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आता वाटेल की जपानी प्रेक्षक तरी पहिल्या चित्रपटाशी इमान राखून राहिला असेल. तर परतीच्या वाटेवर ऑगस्ट 1962 मध्ये एकदा उतरा. पुन्हा टोकियो, पुन्हा तोहो, पुन्हा होंडा, त्सुबुराया, इफुकुबे, आणि कातड्यात पुन्हा नाकाजिमा. या वेळी समोर किंगकाँग आहे. गोष्टीत एका औषध कंपनीचा जाहिरातवाला टीव्ही कार्यक्रमाचे प्रेक्षक वाढावेत म्हणून राक्षस शोधतोय. दोघे पैलवान एकमेकांवर दगड फेकतात आणि माकड गॉडझिलाच्या तोंडात झाड कोंबतं. पहिल्या चित्रपटाला जपानात सुमारे 96 लाख लोक आले होते. याला कोटीच्या वर आले. 1945 नंतर जन्मलेल्या पोरांनी थिएटर भरलंय आणि ती खुर्च्यांवर उभी राहून ओरडतायत. तुम्ही गंभीर चेहऱ्याने बसायचं ठरवून आला होतात, पण ते झाड बघितल्यावर तुम्हालाही हसू आवरत नाही.