केमोथेरपीत अस्थिमज्जेला गुळवेलीचा आधार किती?

मावळातील कुंपणांवर, कडुनिंबाच्या आणि आंब्याच्या खोडांवर चढलेली गुळवेल कोणाला नवी नाही. डोंगरउतारावरच्या झुडपांत शतावरीही आढळते. लोणावळा-खंडाळ्याच्या या वनस्पतिवैभवाची शास्त्रीय नोंद फादर सांतापाव यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात करून ठेवली आहे. कर्करोगाचे निदान होऊन पुण्याला किंवा मुंबईला केमोथेरपी सुरू झाली, की घरातील वडीलधारी मंडळी याच वेलींकडे वळतात. 'रक्त वाढावे' हा त्यामागचा हेतू.

हेतू निराधार नाही. केमोथेरपीची बहुतेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशी तशा असतातच, पण अस्थिमज्जेतील रक्तजनक पेशीही तशाच. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका (प्लेटलेट) आठ-दहा दिवस, तर जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकते. मज्जेचे काम मंदावले की पहिला फटका तिलाच बसतो. अनेक औषधांच्या बाबतीत डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत तिची संख्या तळ गाठते. ती प्रति घनमिलिमीटर ५०० च्या खाली गेली, तर साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

या प्रश्नावर महाराष्ट्रात गंभीर संशोधन झाले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर (मराठी वाचक त्यांना ललित लेखिका म्हणूनही ओळखतात) आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी १९८८ मध्ये एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. सायक्लोफॉस्फमाइड या केमोथेरपीच्या औषधाने उंदरांची मज्जा दबते. गुळवेल, शतावरी आदी वनस्पती हा दुष्परिणाम कितपत रोखतात, हे त्यात लिथियम कार्बोनेट व ग्लुकान यांच्याशी ताडून पाहिले होते. परिणाम आशादायक होते. पुण्यात भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अश्वगंधेवर आणि २००४ मध्ये अश्वगंधा, गुळवेल व शतावरी या तिन्हींवर प्राण्यांतच प्रयोग केले. तेथेही पांढऱ्या पेशी सावरल्याचे दिसले.

मात्र हे सारे उंदरांत, आणि प्रमाणित अर्क वापरून. माणसांत मज्जारक्षण ठामपणे सिद्ध करणारी मोठी, यादृच्छिक चाचणी अद्याप झालेली नाही. मलेशियात २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अश्वगंधेने थकवा कमी झाल्याचे आढळले, पण मोजमाप थकव्याचे आणि जीवनमानाचे होते, मज्जेचे नव्हे. पपईच्या पानांचा बोलबाला आहे तो मुख्यतः डेंगीच्या अभ्यासांमुळे.

धोक्याची बाजूही आहे. करोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी गेला आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असा एक युक्तिवाद होता. वाद बाजूला ठेवला तरी, अनेक केमो-औषधांचा निचरा यकृतातूनच होतो, हे विसरता येत नाही. शिवाय पेशी घटलेल्या दिवसांत न उकळलेला पानांचा रस म्हणजे मातीतल्या जंतूंना आमंत्रणच.

गंमत अशी, की मज्जा दाबणारी काही औषधे वनस्पतींनीच दिली आहेत. सह्याद्रीतील नरक्या वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन मिळते. त्यापासून बनणाऱ्या टोपोटेकॅनचा प्रमुख दुष्परिणाम पांढऱ्या पेशी घटणे हाच आहे. दारातल्या सदाफुलीतील व्हिनब्लास्टिनही मज्जेला दाबते, त्याच झाडातील व्हिन्क्रिस्टिन मात्र तिला बरेच सांभाळून घेते. 'वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी' हा समज येथे टिकत नाही.

मज्जेला चालना देणारे सिद्ध औषध म्हणजे जी-सीएसएफचे इंजेक्शन. अमेरिकेत ते १९९१ मध्ये मंजूर झाले. आता भारतातही तयार होते. ते कोणाला द्यायचे, हे संसर्गाचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात. काढा किंवा चूर्ण सुरू असेल, तर त्यांना नाव आणि मात्रेसह सांगावे. वैद्यांनाही केमोथेरपीचे कागद दाखवावेत. आणि केमोथेरपीच्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता, रात्र असली तरी, थेट रुग्णालय गाठावे.